हुझैफा हलडे यांची फळी

अलिबागमधील आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर चार गाळे आहेत. त्यांपैकी कोपऱ्यावरचा गाळा हुझैफा हलडे यांनी भाड्याने मागितला, तेव्हा मी सोसायटीचा सचिव होतो. व्हिडिओ गेमचे दुकान म्हणजे गोंगाट, शाळा बुडवून आलेली मुले आणि जिन्यात थुंकणारी टोळकी, असा बहुतेक सभासदांचा समज होता. सभेत तसे प्रश्नही विचारले गेले. हलडे हातात टोपी धरून उभे होते. सगळ्यांचे बोलणे संपल्यावर ते म्हणाले, ‘‘दुकानात कोणी खेळणार नाही. खेळायला ज्याचं त्याचं घर आहे. इथे फक्त देणंघेणं.’’

हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला. परंतु मला सांगायचे आहे ते त्यांच्या दुसऱ्या एका शब्दाविषयी. तो त्यांनी आपल्या प्रत्येक ग्राहकाला दिला होता. गेल्या वर्षी अशी वेळ आली की, तो शब्द राहील किंवा दुकान राहील. दोन्ही राहणे शक्य नव्हते.

हलडे मूळचे मुरूडच्या पलीकडच्या खाडीकाठचे. तरुणपण कतारमध्ये, दोह्यातील एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. परत आले तेव्हा दाढीत पांढरे केस होते आणि डोक्यात कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या मशीनच्या, धंद्याचा पक्का अभ्यास होता. दुकानात मोजकेच सामान असे. एका बाजूला नव्या मशीनची खोकी, आणि समोरच्या संपूर्ण भिंतीवर सागवानी फळ्या. त्यांवर खेळांच्या डिस्क, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘सीडी’, उभ्या लावलेल्या असत. धूळ कधी दिसली नाही. या सगळ्या फळ्यांना मिळून ते एकवचनी ‘फळी’ म्हणत.

फळीचा नियम सरळ होता. एक सीडी आणून ठेवायची, दुसरी न्यायची आणि काचेच्या बरणीत शंभर रुपये टाकायचे. नवा खेळ बाजारात चार-पाच हजारांना पडतो. फळीवरून तोच दोन-तीन महिन्यांनी शंभरात हाती येई. नवे मशीन विकताना हलडे खोक्यावर हात ठेवून म्हणत, ‘‘मशीन तुमचं, फळी आपली. मी आहे तोवर बदली चालू.’’

मी आयुष्यभर महाविद्यालयात परिव्यय लेखांकन शिकवले. वस्तू बनवायला जो खर्च येतो त्यावर रास्त नफा चढवून किंमत ठरते, हा त्या विषयाचा पाया. एका सायंकाळी मी त्यांना सहज विचारले, ‘‘या मशीनवर तुम्हाला काय सुटते?’’

‘‘मला? जवळजवळ काही नाही, सर. कंपनीलाही फारसं नाही. नवं मशीन निघतं तेव्हा बऱ्याचदा कंपनी पदरचे घालूनच विकते.’’

‘‘मग ती जगते कशावर?’’

ते हसले. ‘‘माझे वालिद, म्हणजे वडील, मासळीचे व्यापारी होते. होडीवाल्याला इंजिन हवं असलं की वालिद मुंबईहून आणून द्यायचे, आणलेल्या भावाहून कमीत. गाव म्हणायचं, हलडेशेठ दिलदार माणूस. पण पुढे त्या होडीची मासळी दुसऱ्या कुणाच्या काट्यावर जायची नाही. भाव वालिद सांगतील तो. इंजिनात बुडायचं, मासळीत काढायचं. या कंपन्या तेच करतात. मशीन म्हणजे इंजिन, खेळ म्हणजे मासळी.’’

कन्सोल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच. त्या एकमेकींकडे डोळे लावून बसतात, एकीने किंमत सांगितली की दुसरीला आपली आवरावी लागते, आणि या ओढाताणीत यंत्राची किंमत त्याच्या खर्चाशी नव्हे तर शेजारणीच्या किमतीशी बांधली जाते, हे त्यांनी मला समजावून दिले. जो खर्च यंत्रातून निघत नाही तो खेळांतून काढायचा. मी माझ्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण कधी दिले नव्हते.

‘‘आणि तुमची फळी?’’ मी विचारले.

‘‘फळी म्हणजे दुसरा काटा,’’ ते म्हणाले. ‘‘एकदा विकलेली सीडी दहा घरं फिरली तरी कंपनीला पुन्हा काही मिळत नाही. म्हणून तर त्यांनी बिनखाचेचं मशीन काढलं.’’

बिनखाचेचे मशीन म्हणजे ज्यात सीडी घालायची सोयच नाही असे. ते दहा हजारांनी स्वस्त असे. मात्र त्यावरचा प्रत्येक खेळ कंपनीच्याच इंटरनेटवरील दुकानातून, कंपनी म्हणेल त्या किमतीला घ्यावा लागे, आणि तो दुसऱ्याला देता येत नसे. हलडे हे मशीन ठेवत नसत. कोणी मागितलेच तर त्याला खुर्चीवर बसवून पुढच्या पाच वर्षांत किती खेळ लागतील आणि त्यांना काय पडेल ते तोंडी मांडून दाखवत. बरेच लोक मान डोलावत आणि बाहेर पडून मोबाइलवरून तेच स्वस्त मशीन मागवत.

कोकिळाबाई आल्या त्या दिवशी मी दुकानातच होतो. रेवदंड्याकडच्या कोळीवाड्यातल्या त्या मासळी विकणाऱ्या बाई. सकाळचा बाजार आटोपून आल्या होत्या. टोपली दाराबाहेर ठेवून, हात पदराला पुसत त्या आत शिरल्या.

‘‘तो गेम खेलाचा डबा हाय ना, सस्तावाला, तो दे.’’

‘‘कुणासाठी, ताई?’’

‘‘नवऱ्याला. आमचा मोरू तांडेल. वारा गेला त्याच्या अंगावरून. उजवा हात ऱ्हायलाय नुसता लोंबत. डाक्टरीन बाय बोलली, हातात कायतरी धराला द्या, बोटं हालू देत. तिकडं दवाखान्यात एक रिमोट व्हता, तो धरला त्यानं. घरी चेंडू दिला तर फेकून देतो. बोलतो, मी काय पोर हाय?’’

हलडेंनी त्यांना खुर्ची दिली. सीडीवाले मशीन पुढे ठेवले आणि दोन्हींच्या किमती सांगितल्या. कोकिळाबाईंनी कपाळावर हात मारला.

‘‘दहा हजार जास्ती? मंग बोल, किती सोडशील?’’

‘‘एक रुपया नाही, ताई. खरंच सांगतो, यात माझ्या हाताला काही लागत नाही.’’

‘‘म्हावरं इकताना आमी पन हेच बोलतो!’’

मी हसलो, हलडेही हसले. मग ते शांतपणे म्हणाले, ‘‘स्वस्त मशीन घेतलंत तर त्याचा प्रत्येक खेळ चार हजारांना. दुसरीकडून घेता येणार नाही, कुणाला देता येणार नाही. हे महाग घेतलंत तर ही फळी तुमची. शंभर रुपयांत बदली. तुम्हीच ठरवा.’’

कोकिळाबाईंनी खोक्यावरचे चित्र पाहिले, फळी पाहिली. मग म्हणाल्या, ‘‘म्हंजी सस्तं इंजिन घेतलं नि म्हावरं बांधून ठेवलं, तसं?’’

‘‘तसंच.’’

‘‘आमचा सासरा तसाच मेला. इंजिन मोडून भंगारात गेलं तरी म्हावरं त्याच काट्याव.’’ त्या उठल्या. ‘‘महागवालं ठेव माझ्यासाठी. नारळी पुनवेनंतर म्हावरं गावंल तवा नेईन. पन ही तुझी फळी ऱ्हाईल ना? का मशीन इकलंस की बंद?’’

हलडेंनी खोक्यावर हात ठेवला. ‘‘मशीन तुमचं, फळी आपली. मी आहे तोवर बदली चालू.’’

गणपतीच्या आधी त्या मशीन आणि त्यासोबत मिळणारी पहिली सीडी घेऊन गेल्या. पुढे मोरू तांडेल स्वतः येऊ लागले. उंच, रुंद खांद्यांचे गृहस्थ, एक पाय ओढत चालणारे. बोलणे जड झाले होते, परंतु आवडनिवड जबर होती. होडीचा, समुद्राचा, मासेमारीचा कोणताही खेळ त्यांना चालत नसे. ‘‘खोटा दर्या,’’ एवढेच म्हणून ते सीडी परत ठेवत. त्यांचे मन बसले ते ट्रॅक्टर चालवून शेती करण्याच्या खेळात.

‘‘सात पिढ्या दर्यात गेल्या,’’ कोकिळाबाई दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, ‘‘नि आमचा तांडेल आता गहू पेरतो. उद्या बैल मागंल!’’

तांडेल त्यांच्याकडे न पाहता फळीवरून बोट फिरवत राहत.

ही घडी फार काळ टिकली नाही. पूर्वी कन्सोल जुने झाले की स्वस्त होत असे. हा या धंद्याचा एकमेव दिलासा होता. आता उलट झाले. आतील मेमरीचे आणि इतर सुट्या भागांचे भाव चढले, आणि वर्षानुवर्षे बाजारात असलेल्या मशीनची किंमत उतरण्याऐवजी वाढली. महाग मशीन आणखी महाग झाल्यावर दहा हजार वाचवणारे बिनखाचेचे मशीन लोकांना अधिकच गोड वाटू लागले. बाहेरून जोडायची सीडीची पेटी निघाली आहे असे ऐकिवात होते, पण मागवली तर आमच्याकडे कधी वेळेवर आली नाही. काही नव्या खेळांच्या खोक्यांत तर सीडीऐवजी इंटरनेटवरून खेळ उतरवून घ्यायचे आकडे छापलेला नुसता कागद निघू लागला. फळीवर नवे येणे कमी झाले. बरणी आठवडाभरातही भरेना.

पनवेलचे अल्पेशभाई हे हलडेंचे घाऊक माल देणारे. दर महिन्याला एकदा येत, चहा घेत, चहात साखर कमी असल्याची तक्रार करीत. दिवाळीच्या आधी आले ते अट घेऊनच.

‘‘जुओ हुझैफाभाई, वरून हुकूम आहे. सणाच्या भावात माल पाहिजे तर अर्धी मशीनं बिनखाचेची उचलायची. नाहीतर गाडी तुमच्याकडे वळणार नाही.’’

‘‘ती मी विकत नाही, अल्पेशभाई. ठाऊक आहे तुम्हाला.’’

‘‘अरे, तुम्ही नाही विकलीत म्हणून काय लोक घेत नाहीत? तुमच्याच गल्लीत तीन घरांत आहेत. मी पोचवली.’’

हलडेंनी अट मानली नाही. माल आला नाही. त्या दिवाळीत दुकानात नवे मशीन एकही नव्हते.

सोसायटीच्या भाडेकराराची मुदत संपत आली, तेव्हा ते मला भेटायला वर आले. हिशेब त्यांनी स्वतःच मांडला होता. मला त्यात चूक काढता आली नाही. दुकान असे चालणार नव्हते. त्याच आठवड्यात अल्पेशभाईंनी त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला होता. फळीवरच्या सगळ्या सीडी त्यांना एकगठ्ठा द्यायच्या. मुंबईत जुन्या सीडींना अजून गिऱ्हाईक होते. बदल्यात ते मोबाइलची कव्हरे, चार्जर, हेडफोन असा माल दुकानभर भरून देणार होते. गाळा राहणार होता, पाटी राहणार होती, शेठ राहणार होते.

‘‘माझे मत विचारत असाल तर घ्या,’’ मी म्हणालो. ‘‘ज्या मालमत्तेतून काही निघत नाही ती धरून ठेवणे हा खर्चच असतो.’’

‘‘बरोबर आहे, सर,’’ ते म्हणाले. त्यांनी चहा अर्धाच घेतला.

अल्पेशभाईंचा टेम्पो येण्याच्या आदल्या दिवशी कोकिळाबाई दुकानात आल्या. बातमी बाजारात पोचलीच होती. मी कराराची प्रत घेऊन खाली उतरलो होतो. हलडे फळीसमोर पाठमोरे उभे होते. पुठ्ठ्याची रिकामी खोकी जमिनीवर मांडली होती, पण एकही भरलेले नव्हते.

‘‘हुझैफाभाय,’’ कोकिळाबाई दारातूनच म्हणाल्या, ‘‘माझं एक ऐक. तू दुकान ठेव. बारकी पोरं हायत तुला. मी तुझी जबान सोडली. मोरूला मी सांगीन.’’

आमच्या किनाऱ्यावर ही रीत जुनी आहे. दिलेला शब्द घेणाऱ्याने सोडला म्हणजे देणारा मोकळा होतो. त्याला मग कोणी बोल लावत नाही. कोकिळाबाईंनी ते पूर्ण विचारानेच म्हटले होते. आवाजात ठसका नव्हता.

हलडे वळले. ‘‘तुम्ही सोडलीत, ताई. मेहरबानी. पण तुम्ही एकट्या नाही. इथून मशीन नेलेल्या प्रत्येकाला मी दहा हजार जास्त मोजायला लावलं. कशाच्या जोरावर? या फळीच्या. आज फळी विकली तर माझ्यात आणि वालिदांमध्ये फरक काय राहिला? त्यांनी निदान इंजिन तरी स्वस्त दिलं होतं.’’

‘‘मंग खाशील काय?’’

‘‘नोकरी करीन. दोह्यातही केलीच होती.’’

‘‘शेठ व्हतास रे तू.’’

‘‘व्हतो,’’ ते त्यांच्याच उच्चारात म्हणाले, आणि कोकिळाबाईंना हसू आले नाही.

मी कराराची प्रत घडी घालून खिशात ठेवली. माझे मत मी दिलेले होते. मी शिकवलेल्या शास्त्राप्रमाणे ते आजही बरोबर आहे. परंतु त्या शास्त्रात शब्द ही किमतीची बाब म्हणून कोठेही येत नाही, आणि हलडेंनी मशीन विकताना जी किंमत घेतली होती तिच्यात तो निश्चितपणे धरलेला होता. ग्राहकाने त्याचे पैसे दिले होते. माल मात्र अजून पुरता पोचायचा होता.

दुसऱ्या दिवशी अल्पेशभाईंचा टेम्पो रिकामा परतला. ते संतापले, मग हळहळले, आणि जाताना माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘‘सर, तुम्ही शिकलेले माणूस, तुम्ही तरी सांगायचं!’’ महिनाअखेर हलडेंनी गाळ्याची चावी माझ्या हाती दिली. भिंतीवरचे खिळ्यांचे खड्डे त्यांनी स्वतः बुजवून, चुना लावून दिले होते.

आज हुझैफा हलडे न्हावा शेव्याला एका गोदामात कंटेनरमधून उतरणाऱ्या मालाची तपासणी करतात. आठवडाभर तिकडेच राहतात आणि शनिवारी गावी येतात. फळी त्यांच्या घराच्या पडवीत आहे. इतर दिवशी बदली करून द्यायचे काम त्यांच्या पत्नी खतिजाबी पाहतात. त्यांना खेळांची नावे येत नाहीत. वरच्या चित्रांवरून त्या ओळखतात: घोडेवाला, आगगाडीवाला, रडक्या बाईचा. कोणाकडे काय गेले ते मात्र त्या कधी चुकत नाहीत.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी तिकडे गेलो. मोरू तांडेल आणि कोकिळाबाई एसटीने आले होते. तांडेलांना शेतीच्या खेळाचा पुढचा भाग हवा होता.

‘‘तो तळा गावाला गेलाय,’’ खतिजाबी आतून म्हणाल्या. ‘‘दयारामकडे. तळेकर मास्तरांचा दयाराम.’’

‘‘कदी... देनार?’’ तांडेलांनी विचारले.

‘‘आजच येतो म्हणालाय.’’

तांडेल पडवीच्या पायरीवर बसले. दुसरे काही न्यायला त्यांनी ठाम नकार दिला. कोकिळाबाई म्हणाल्या, ‘‘बस. पेरनी खोलंबली ना तुझी!’’ आणि त्या खतिजाबींना कोलंबी निवडायला मदत करायला आत गेल्या.

दुपारनंतर दयाराम आला. तिशीचा, एका कारखान्यात पाळीवर काम करणारा. त्याच्याजवळ एक सीडी नव्हती, पिशवीभर होत्या. त्याने त्या पडवीत ठेवल्या.

‘‘बदली नको, हुझैफाभाई. मशीन गेलं माझं. दुरुस्तीला सांगतात त्यात जुनं दुसरं येईल, आणि नवं आता माझ्या आवाक्यात नाही. म्हटलं, ह्या इथे असू देत.’’

‘‘पैसे घे ह्यांचे.’’

‘‘कशाला? माझ्या विकतच्या कधीच बदलीत गेल्या. ह्या फळीवरूनच आल्या की सगळ्या. शंभर-शंभर करून.’’

हलडेंनी पिशवी उघडली. एकेक सीडी काढून उजेडात तिरपी धरली, ओरखडे पाहिले, मऊ फडक्याने पुसली. तांडेलांनी आणलेली सीडी ठेवून हवी ती उचलून घेतली आणि शंभराची नोट बरणीत टाकली. उरलेल्या ठेवायला फळीवर जागा नव्हती.

‘‘गेल्या महिन्यातही नागावहून एकाने अशाच आणून दिल्या,’’ हलडे मला म्हणाले. ‘‘मशीनं एकेक बंद पडतायत, सर. फळी वाढते आणि घेणारे कमी होतात. एक दिवस सगळी भरेल आणि येणारं कोणी नसेल.’’

‘‘मग?’’

‘‘मग सुटलो. पण तो दिवस आजचा नाही.’’

त्यांनी माळ्यावरून सागाची एक जुनी फळी खाली काढली. दयारामने एक टोक धरले. हलडेंनी पेन्सिलीने भिंतीवर खूण केली, पाणसळ लावून ती पुन्हा तपासली, आणि पहिला खिळा ठोकायला घेतला.